आरशाला उंबरठा

भूमेश्वरी रहांगडालेला स्वतःचं कपाळ फार चांगलं माहीत होतं. त्यावरची आडवी आठी, डाव्या बाजूचा लहानपणी झोक्यावरून पडल्याचा व्रण, भांगाच्या तोंडाशी उगवलेले पांढरे केस, सगळं पाठ. कपाळाच्या खाली काय चाललं आहे, याची मात्र बाथरूममधल्या आरशाने तिला चार वर्षांत काहीच खबर दिली नव्हती.

आरशाचा यात दोष नव्हता. दवनीवाड्यात त्यांचं नवं सिमेंटचं घर बांधून होत होतं, तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस होते आणि भूमेश्वरी गुडघाभर चिखलात वाकलेली होती. इकडे मिस्त्रीनं बाथरूमच्या टाइल्सवर आरसा धरून विचारलं, "भाऊ, कुठं लावू?" धनेंद्र समोर ताठ उभा राहिला, आपल्या मिशीची दोन्ही टोकं काचेत नीट बसतात की नाही ते पाहिलं आणि म्हणाला, "हां, इथंच." धनेंद्र सहा फूट. भूमेश्वरी त्याच्या खिशापर्यंत. मिस्त्रीनं चार खिळे मारले, चार क्लिपा आवळल्या, आणि संध्याकाळी बायको चिखलाचे पाय धुवायला आत आली तेव्हा आरशात तिला फक्त भांग दिसला.

नुसता आरसाच नाही. सैपाकाचा ओटा धनेंद्रच्या आईच्या, म्हणजे रुख्माबाईंच्या मापाने घातलेला. त्याही उंच. ओट्यापुढे भूमेश्वरी लाकडी पिढ्यावर उभी राहून भाजी ढवळते. कपडे वाळवायची तार, पंख्याचं बटण, देवाच्या फोटोचा खिळा, मिठाची बरणी ठेवायची फळी, सगळं लांब हातांच्या माणसांनी लांब हातांच्या माणसांसाठी करून ठेवलेलं. याची सुरुवात लग्नातच झाली होती. आमगावकडची ही ठेंगणी नवरी हार घालायला उभी राहिली, आणि हार नवरदेवाच्या छातीपर्यंतच पोचला. मग कोणीतरी धावत जाऊन पाट आणला, तो पुरला नाही, तेव्हा पाटावर पाट ठेवला. लग्नाच्या फोटोत दोघं अगदी बरोबरीची दिसतात. तेव्हापासून भूमेश्वरी कशा ना कशावर उभीच आहे.

बाथरूममध्ये ती बादलीवर उभी राहायची. बादली पालथी घालायची, एक हात नळावर, एका हातात टिकली. मुलीच्या, रिंकीच्या खोलीत कपाटाला मोठा आरसा होता, पण त्या आरशापुढे रिंकी असायची. ती गोंदियाला कॉलेजात जाते, आणि निघायच्या आधीचा सगळा वेळ त्या काचेपुढे काढते. शिवाय ट्यूबलाइटचा लख्ख उजेड बाथरूममध्येच होता.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. गावोगावच्या मंडईच्या तारखा लागल्या. मंडई म्हणजे आमच्या भागात दुसरी दिवाळीच. दिवसा बाजार भरतो, रात्री नाटक, आणि घरी पाव्हण्यांची ही गर्दी. दवनीवाड्याची मंडई आठवड्यावर आली असताना एका सकाळी भूमेश्वरी बादलीवर चढली, ओल्या फरशीवर बादली सरकली, आणि घरात असा आवाज झाला की गोठ्यातली म्हैस ओरडली.

धनेंद्र शर्टाची बटणं लावत धावत आला. तो बिरसीला विमानतळाच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. विमान चालवायला शिकणारी पोरं रोज त्याच्यासमोरून जातात, त्यामुळे विमानांबद्दल जे बोलायचं ते आपणच, असं तो धरून चालतो. बायको फरशीवर बसून कोपर चोळत होती. हाडं शाबूत आहेत हे पाहून तो म्हणाला, "बिरसीचं विमान बी खाली पाहून उतरते. तू न पाहताच उतरली."

"हसा," भूमेश्वरी म्हणाली. "दात दाखवा. तुमाले काय, तुमचं धावपट्टीवरच चालते सारं."

"पण बादलीवर कायले चढते तू?"

"मंग काय करू जी? उडत जाऊ?"

"टिकलीच लावाची हाय ना? अंदाजानं लावाची. कपाळ काय जागा बदलते?"

यावर भूमेश्वरी काही बोलली नाही. ती बोलली नाही की घरातले लोक जरा सावध होतात. कारण ही बाई गप्प राहिली, तर काहीतरी करायला घेते. फाटलं सूप कागदाच्या लगद्यानं लिंपणं, धानाच्या कोठीला बुड बसवणं, मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घालणं, हे तिचे उद्योग. शेजारणी मोडकं सामान घेऊन तिच्या दारात येतात. एका लाकडाला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. लाकूड हे सुताराचं काम.

त्या संध्याकाळी रिंकीनं मोबाइल आईच्या नाकाशी धरला. "आई, हे पाय. तुह्यासाठीच हाय."

पडद्यावर एक गोरीपान बाई होती. तिच्या बाथरूममध्ये असाच बोडका आरसा. तिनं लाकडाच्या पट्ट्या आणल्या, टोकं तिरपी कापली, पाठीला गोंद लावला आणि आरशाच्या कडेनं चिकटवल्या. झाली चौकट. बाई हात झटकत हिंदीत म्हणाली, बस, इतना ही आसान. तिच्या नखांचा रंगही उडाला नव्हता.

भूमेश्वरीनं ते तीनदा पाहिलं. आरशाच्या कडा पाण्यानं काळ्या पडल्याच होत्या, खालचा एक कोपरा तर पार डांबरासारखा झालेला. मंडईला भाऊ येणार, भावजय येणार. भावजयीच्या आमगावच्या घरी बाथरूममध्ये प्लास्टिकच्या फुलांचा वेल आहे, आणि ती तो दर वेळी दाखवते.

"मी बनवतो अशी," भूमेश्वरी म्हणाली.

धनेंद्रनं जेवता जेवता मान वर केली. बायकोच्या पडण्याचं त्याला थोडं वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो उदार होतो. "बनव. पट्ट्या मी आणतो गोंदियातून. सागवानाच्या आणतो."

"माप घ्या पहिले."

"घेतलं," असं म्हणून तो उठला आणि उष्टा हात धुवायला गेला तिथंच डाव्या हाताच्या वितेनं आरसा मोजून आला. धनेंद्रची वीत म्हणजे भूमेश्वरीची दीड. दुकानात त्यानं आकडा सांगितला तो असा काही, की दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बांधून आणलेल्या पट्ट्यांमध्ये खिडकीही निघाली असती. "जास्त झाल्या तं झाल्या," तो म्हणाला. "कमी पडाले नाही पायजे."

आरी तिनं टेकचंद सुताराकडून मागून आणली. टेकचंद मंडईच्या नाटकाचा मंच ठोकण्यात बुडाला होता. "घेऊन जा वहिनी," तो म्हणाला. "पण दातं मोडजो नका. आरीचे बी आणि तुमचे बी."

मग घराच्या पुढच्या सपरीत भूमेश्वरीचा कारखाना सुरू झाला. तिनं पट्टी पिढ्यावर ठेवून पायाखाली दाबली, जसं पावशीवर बसून वांगं चिरतात तसं, आणि आरी ओढली. धानकापणी नुकतीच झालेली. महिनाभर विळ्यानं कापून कापून तिच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती, की कापायचं म्हणजे आपल्याकडे ओढायचं. आरीला हे मान्य नव्हतं. आरी ढकलताना कापते. ओढली की ती लाकडावरून नुसती उड्या मारायची आणि सागवानावर उंदरानं कुरतडल्यासारख्या रेघा पडायच्या.

सासू, रुख्माबाई, अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय कापून राहिली व? धान?"

"पट्टी, माय."

"पेंढ्या बांधशीन का मंग तिच्या?"

भूमेश्वरीनं आरी उलटी धरून पाहिली, दातांची दिशा पाहिली, आणि ढकलली. आरी चालली. तिला इतका आनंद झाला की पट्टीबरोबर पिढ्याचा कोपराही थोडा कापला गेला.

मग आलं ते तिरपं टोक. त्या गोऱ्या बाईनं यंत्रात पट्टी घातली होती आणि यंत्रानं झर्रकन कोन काढून दिला होता. भूमेश्वरीनं रिंकीच्या कंपासपेटीतला त्रिकोण ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली आणि रेघेवरून कापलं. उभ्या दोन पट्ट्या आधी केल्या. एकीच्या दोन्ही टोकांना तिरपा छेद, दुसरीच्या दोन्ही टोकांना तिरपा छेद. चारही छेद एकाच बाजूला कललेले. जमिनीवर मांडल्यावर दिसलं, की वाऱ्यानं कललेली खोपटी जशी उभी असते तशी ही चौकट होणार.

"आई, एक टोक इकडं पायजे आणि एक तिकडं," रिंकी म्हणाली.

"मंग पहिले काऊन नाही सांगितलं?"

"मले वाटलं तुले माहीत हाय. तू एवढ्या जोरात कापून राहिली होती."

टोकं सुधारायला गेली तर पट्ट्या आखूड झाल्या. पुन्हा सुधारल्या, आणखी आखूड झाल्या. सुधारणा अशीच चालू राहिली असती तर त्या काडेपेटीत मावल्या असत्या. भूमेश्वरीनं आरी खाली ठेवली. सपरीत भुसा, साडीवर भुसा, चहात भुसा.

"दाराची चौकट कोण तिरपी कापते व?" रुख्माबाईंनी अंगणातून विचारलं. लसणाच्या पाकळीवरची नजर त्यांनी उचलली नव्हती.

भूमेश्वरीनं मान वळवली. अंगणाच्या पलीकडे जुनं मातीचं घर होतं. आता त्यात धानाची पोती आणि रुख्माबाईंची बाज, एवढंच. त्याच्या दाराला बिजाच्या लाकडाची चौकट. दोन उभे खांब. वर एक आडवं लाकूड, खाली एक आडवं लाकूड, दोन्ही आडवी लाकडं खांबांच्या बाहेर वीतभर निघालेली, भिंतीत रुतलेली, कान काढल्यासारखी. कुठं तिरपं काही नाही. सरळ आडवं, सरळ उभं. इतकी वर्षं त्याच दारातून ती आतबाहेर करत होती.

ती उठली. वाया गेलेल्या आखूड पट्ट्या तिनं आरशाच्या रुंदीला लावून पाहिल्या. रुंदीसाठी त्या पुरून उरत होत्या, दोन्हीकडे बोटबोट कान निघतील इतक्या. तिरपी टोकं सरळ कापली. उभ्या पट्ट्या धनेंद्रच्या भल्यामोठ्या वितेच्या कृपेनं उरलेल्या लाकडातून नव्या निघाल्या. खाली एक आडवी, वर एक आडवी, मधे दोन उभ्या. जमिनीवर मांडलं, आणि ते बसलं.

"खाली एकच पट्टी?" रुख्माबाई आता बाजेवरून उठून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "उंबरठा नाही का?"

"आरशाले कायचा उंबरठा, माय?"

"बिनउंबरठ्याची चौकट राहते का कोणाच्या घरी?"

पट्टी उरलीच होती. भूमेश्वरीनं खालच्या पट्टीला अजून एक जोडली आणि जाड उंबरठा केला. मग सगळ्या लाकडाला घरच्या जवसाचं तेल चोळलं. सागवानाच्या रेषा वर आल्या. रिंकीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, आणि "ही फ्रेम कुठून मागवली" असं तिघींनी विचारलं. ते भूमेश्वरीला तिनं वाचून दाखवलं. भूमेश्वरी म्हणाली, "आता सांग, दवनीवाड्याहून."

तेल मुरल्यावर, मंडईच्या आदल्या दिवशी, चौकट चिकटवायची होती. ड्यूटीवरून आलेला धनेंद्र चहाची कपबशी घेऊन बाथरूमच्या दारात उभा राहिला. रिंकीनं एक बाजू धरली. भूमेश्वरी पालथ्या बादलीवर चढली, या खेपेला खाली ओलं पोतं टाकून. चौकटीच्या पाठीला ती गोंदाची पहिली रेघ ओढणार, तोच धनेंद्र समाधानानं म्हणाला,

"मस्त चिकटव. टाइलले बी लागू दे थोडा. आता हा आरसा जन्मभर हलत नाही इथून."

भूमेश्वरीचा हात थांबला.

आरशात तिला तिचा भांग दिसत होता. बादलीवर चढली म्हणून आता भुवयाही दिसत होत्या. इतक्या दिवसांचा भुसा, आखूड झालेल्या पट्ट्या, तेल, उंबरठा, हे सगळं करून ती आपल्याच हातानं तो आरसा धनेंद्रच्या मिशीपुढे कायमचा जडवायला निघाली होती. आणि स्वतः जन्मभर बादलीवर.

ती खाली उतरली. गोंदाला टोपण लावलं.

"रिंकी, पेचकस आण."

"काऊन व?" धनेंद्रनं विचारलं.

"आरसा काढून राहिली मी."

"काऊन?"

"चौकट मी बनवली. आता तो माह्या उंचीवर लागंल."

धनेंद्र हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "आणि मी दाढी कशी करू? गुडघ्यावर बसून?"

"मी चार वर्षं टिकली कशी लावली?"

"टिकली वेगळी, दाढी वेगळी. माह्या हातात ब्लेड राहते. मले ड्यूटीवर जावं लागते, गेटवर उभं राहावं लागते. लोक पाहतात."

"मले कोणी पाहत नाही का जी?"

धनेंद्रनं चहाचा घोट घेतला, विचार केला, आणि त्याला वाटलं की त्याला तोडगा सापडला. "असं कर. साखळी लाव. माहा टाइम झाला की मी वर करीन, तुहा टाइम आला की तू खाली कर."

"आणि तुमी वर केल्यावर मी खाली कशी करू? चढून?"

"मी करून देईन ना खाली."

भूमेश्वरीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. नळ बंद न करणारा हा माणूस. ओला टॉवेल गादीवर टाकणारा, पंखा चालू सोडून बिरसीला जाणारा, गेल्या वर्षी आणलेल्या मच्छरदाणीचे खिळे "उद्या मारतो" म्हणणारा. रिंकीही पाहत होती. धनेंद्रनं दोघींच्या नजरा पाहिल्या आणि साखळीचा विषय आपणच सोडला.

"मायले विचारू," तो म्हणाला. आई त्याच्याच उंचीची होती, त्याला भरवसा होता.

रुख्माबाई बाथरूमच्या दाराशी आल्या. त्या आत कधी येत नसत. त्यांची आंघोळ विहिरीच्या बाजूला, आडोशाला. त्यांनी बाहेरूनच आरसा पाहिला, सुनेला पाहिलं, पोराला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय म्हणते तुही बायको?"

"आरसा खाली लावतो म्हणते. मले वाकावं लागंल, माय."

"मंग?"

"मंग म्हणजे? रोज वाकू?"

"जुन्या घराच्या दारातून तुहा बाप कसा जाये?" रुख्माबाई म्हणाल्या. "ताठ जाये का? मी कशी जात होती? नवीन होती तवा रोज टेंगूळ. मंग वाकाले लागली. दाराले कोणी म्हटलं नाही, का तू उंच हो म्हणून."

"ते दार होतं."

"हे बी चौकटच हाय. उंबरठा हाय का नाही?" आणि पोवारी बोलीत काहीतरी पुटपुटत त्या परत निघाल्या. दोन पावलं जाऊन वळल्या. "आणि असं कोरडं लावू नका. चौकट सकाळी बसते. हळद-कुंकू, नारळ. घरात चौकट बसली आणि नारळ नाही फुटला, असं माह्या जलमात झालं नाही."

"बाथरूममध्ये नारळ, आजी?" रिंकीनं विचारलं.

"जेथं चौकट, तेथं नारळ."

उरलेली दुपार भूमेश्वरीनं आरसा उतरवण्यात, चौकटीत बसवण्यात आणि त्याला पाठ लावण्यात घालवली. वरच्या क्लिपा काढल्या, खालच्या काढल्या, खिळे तसेच ठेवले. जुन्या टीव्हीच्या शोकेसचा प्लायवूडचा तुकडा पाठीला आला. काच हलू नये म्हणून मधल्या फटीत तिनं जुन्या लग्नपत्रिका दुमडून घातल्या. त्यातली एक भावजयीच्या भावाची होती. पाठीला दोन कड्या ठोकल्या, अगदी वर नाही, वरून चार बोटं खाली. त्या कड्या भिंतीतल्या खालच्या दोन खिळ्यांवर अडकवल्या की आरसा कुठं येईल, हे तिनं पायात चपला न घालता, जमिनीवर सपाट पाय ठेवून मोजलं होतं.

धनेंद्र या सगळ्या वेळात अंगणात मोटारसायकल पुसत होता. मोटारसायकल आधीच स्वच्छ होती.

मंडईच्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पूजा झाली. धनेंद्रला ड्यूटीवर जायचंच होतं, त्याला दुपारपर्यंतची पाळी होती, म्हणून घाई. चौकटीच्या वरच्या लाकडाला आंब्याची पानं बांधली. उंबरठ्यावर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, अशी ओळ. रुख्माबाई पदर सावरून पहिल्यांदा आत आल्या. नारळ फरशीवर फोडायचा म्हटला तर टाइल फुटेल, म्हणून धनेंद्रनं तो बाहेरच्या पायरीवर फोडला आणि पाणी बेसिनमध्ये शिंपडलं. रुख्माबाईंनी चौकटीला नमस्कार केला. वाकल्या, तर समोर आरसा. त्या वाकलेल्याच राहिल्या.

"म्हातारी झाली मी," त्या म्हणाल्या.

"झाली ना, माय," धनेंद्र म्हणाला.

"कोणी सांगितलं नाही मले." त्यांनी पदर थोडा पुढे ओढला, परत मागे घेतला, आणि बाहेर गेल्या.

मग भूमेश्वरीचा नंबर. बादली कोपऱ्यात होती. ती फरशीवर उभी राहिली, दोन्ही पाय सपाट. लख्ख ट्यूबलाइटच्या उजेडात, सागवानी चौकटीत, आंब्याच्या पानांखाली एक बाई उभी होती. गालांवर वांग. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल रेघा. हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, ती कधी आली ते कळलंच नव्हतं. कपाळाखालचा सगळा मुलूख असा आपल्या पाठीमागे बदलून गेलेला. कपाळच त्यात सगळ्यात तरुण होतं.

"कसा हाय?" दारातून धनेंद्रनं विचारलं. त्याच्या आवाजात थोडी आशा होती.

भूमेश्वरीला क्षणभर वाटलं, की वरचा आरसा बरा होता. पण हे ती मेली तरी त्याला सांगणार नव्हती. तिनं टिकली काढली, दोन्ही भुवयांच्या बरोबर मधे लावली, अंदाजानं नाही, पाहून. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"झकास हाय," ती म्हणाली. "तुमी या आता."

धनेंद्र आत आला. उभा राहिला, तर आरशात त्याला आपल्या गणवेशाच्या शर्टाची बटणं दिसली. वाकला, तर कमर कुरकुरली. इकडे तिकडे पाहिलं. शेवटी त्यानं पायानं कोपऱ्यातली बादली ओढली, पालथी घातली आणि तिच्यावर बसला. चेहरा बरोबर चौकटीच्या मध्यात आला. मिशीची दोन्ही टोकं मावली.

बाहेर रिंकीनं तोंडावर ओढणी दाबली. भूमेश्वरीनं तिला चिमटा काढला.

आणि मग तो बाहेरच येईना. उभ्यानं दाढी करणारा माणूस, त्याला पहिल्यांदा बसून दाढी करायला मिळाली होती. कोपर बेसिनला टेकलेलं, पाय पसरलेले. त्यानं एकदा दाढी केली, पुन्हा उलटी केली, मिशी कातरली, कानातले केस पाहिले. आमगावचे पाव्हणे येऊन दारात चपला काढायला लागले तरी हा आतच. भावजयीला हात धुवायचे होते.

"अवो, झालं का जी?" भूमेश्वरीनं दार वाजवलं.

"आलो, आलो. गळा राहिला थोडा."

गळा पाहायला तो पुढे झुकला, हनुवटी वर केली, आणि शेवटचं ब्लेड फिरवलं. बाहेर आला तो अगदी ताजा, चकचकीत, जवसाच्या तेलाचा वास मारत. मेहुण्याशी दोन शब्द बोलला, टोपी घातली, मोटारसायकलला किक मारली. मग, रोज विचारतो तसं, बायकोला विचारलं, "कसा दिसतो?"

रोज या प्रश्नाला भूमेश्वरी न पाहताच "चांगले" म्हणायची. आज तिनं पाहिलं. धनेंद्रच्या गळ्यावर, हनुवटीच्या बरोबर खाली, उंबरठ्यावरच्या कुंकवाचं एक लालभडक बोट उमटलं होतं आणि त्याच्या बाजूला हळदीचं पिवळं.

"आरशात पाह्यलं ना तुमी?" तिनं विचारलं.

"पाह्यलं."

"मंग मले काय विचारता? आता आरसा नीटच लागला हाय."

तो गेला. मोटारसायकल फाटकाबाहेर जाईपर्यंत रिंकी कशीबशी थांबली, मग सपरीच्या खांबाला धरून खाली बसली. भावजय विचारत राहिली, काय झालं, काय झालं, पण तिला कोणी काही सांगितलं नाही. तिला बाथरूमकडे पाठवलं. ती बरीचशी भूमेश्वरीच्याच उंचीची. आत गेली ती लवकर बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा प्लास्टिकच्या वेलाबद्दल एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वन्स, चेहरा किती साफ दिसते हो त्याच्यात."

"हाव," भूमेश्वरी म्हणाली. "जरा जास्तच साफ."

दुपारी धनेंद्र परत आला. घर पाव्हण्यांनी भरलेलं, अंगणात पंगत. भूमेश्वरी हातात वाढणी घेऊन उभीच राहिली. आता हा काय म्हणतो? तिला सकाळी जितकं हसू आलं होतं, तितकं आता येत नव्हतं. सकाळपासून गेटवर उभा होता माणूस. लोक पाहतात, असं म्हणाला होता.

धनेंद्रनं टोपी काढली. गळ्यावरचा ठिपका अजून होता, घामानं थोडा पसरलेला. तो मेहुण्याच्या बाजूला पंगतीत बसला आणि ओरडूनच सांगायला लागला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आज काय झालं भाऊ, विमान शिकणारी एक पोरगी गेटवर थांबली. म्हणाली, अंकल, आज घर में पूजा थी क्या? मी म्हटलं, हाव बेटा, चौखट बैठाई आज. ती म्हणाली, नया घर? मी म्हटलं, घर पुराना है, आईना नया है. तिले समजलंच नाही काही." तो हसला. "मंग सायब आले, तेही विचारून राहिले. मी सांगितलं, आमच्या घरी आरशाले उंबरठा हाय. सागवानाचा. अख्ख्या गोंदियात कोणाकडं असंल तं दाखवा. बायकोनं स्वतः कापला."

"आणि लावला कुठं?" मेहुण्यानं विचारलं.

धनेंद्रनं भाताचा घास तोंडात घातला. भूमेश्वरीकडे पाहिलं. ती वरण घेऊन त्याच्यासमोर उभी होती. तो मांडी घालून खाली बसलेला, आणि ती ताठ उभी.

"बरोबर उंचीवर," तो म्हणाला. "बसून दाढी होते."

भूमेश्वरीनं त्याच्या भातावर वरण वाढलं. मग दुसऱ्या हातानं पदराचं टोक घेऊन, पंगतीतल्या सगळ्यांसमोर, त्याच्या गळ्यावरचं कुंकू पुसलं. त्यासाठी तिला थोडं वाकावं लागलं.